फ्रेंच क्रियापदे आधी कानाने शिकवा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

अकरावीला संस्कृत घ्यावे की फ्रेंच, यावर गेल्या काही आठवड्यांत आपल्या वाचकांची बरीच पत्रे प्रसिद्ध झाली. त्यांतल्या एका पालकांनी लिहिले होते की फ्रेंच क्रियापदे म्हणजे निव्वळ पाठांतर. लिहायचे एक, वाचायचे भलतेच, आणि नियम शोधू गेले तर एकही सापडत नाही. मी पुण्यात बरीच वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात फ्रेंच शिकवले आणि आता घरी संध्याकाळचे वर्ग घेते. त्या पालकांचा वैताग मला समजतो, कारण तक्ते घोकून रडकुंडीला आलेली मुले मी जवळून पाहिली आहेत. पण नियम नाही, हे मला मान्य नाही. नियम आहे आणि तो सुरेख आहे. तो वहीतल्या तक्त्यात दिसत नाही, कारण मुळात तो ऐकण्याचा आहे. फ्रेंच क्रियापदांचे जे काही विचित्र वाटते, त्यातले बहुतेक सारे दोन प्रश्नांनी उलगडते: या रूपात उच्चारलेली अक्षरे (एका स्वराभोवतीचा तुकडा म्हणजे एक अक्षर) किती, आणि आघात, म्हणजे उच्चारातला जोर, कुठे पडतो? हे दोन प्रश्न आपल्या वर्गांत विचारलेच जात नाहीत, आणि माझी तक्रार तेवढीच आहे.

पुढे फ्रेंच रूपे देवनागरीत लिहिते. पाय मोडलेले व्यंजन असेल तिथे स्वर नाही. अनुस्वार किंवा चंद्रबिंदू म्हणजे स्वर नाकातून काढायचा. न किंवा म म्हणायचा नाही.

पहिल्या आठवड्यात सगळीकडे शिकवले जाणारे क्रियापद ‘पार्ले’, म्हणजे बोलणे. वर्तमानकाळात त्याची सहा रूपे. मी, तू, तो आणि ते या चौघांची रूपे लिहिताना शेवटी कुठे ई, कुठे ई-एस, कुठे ई-एन-टी येते. वाचताना मात्र चौघांचा उच्चार एकच: ज्य पार्ल्, त्यु पार्ल्, इल पार्ल्, आणि अनेकवचनातही इल पार्ल्. एक अक्षर, बास. उरलेली दोन रूपे, ‘नू पार्लों’ आणि ‘वू पार्ले’, दोन अक्षरी. आजच्या बोलण्यात तर ‘आम्ही’साठी ‘नू’ऐवजी सर्रास ‘ओं’ वापरतात आणि ‘ओं पार्ल्’ म्हणतात. म्हणजे रोजच्या संभाषणापुरती दोनच रूपे कानाला कळली पाहिजेत. अपूर्ण भूतकाळात तोच प्रकार: ‘ते बोलत होते’ याच्या शेवटी ए-आय-ई-एन-टी अशी पाच रोमन अक्षरे लिहायची आणि उच्चारायचा एक स्वर, ‘इल पार्-ले’. मी, तू आणि तो यांचाही उच्चार हाच. मुले मात्र सहा रूपे सहा वेगळ्या गोष्टी म्हणून पाठ करतात, आणि कुणी स्पष्ट सांगितले नसेल तर इंग्रजीच्या सवयीने प्रत्येक अक्षर वाचतात. बाजारातल्या एका मार्गदर्शकात ‘इल पार्लेन्ट’ असा उच्चार छापलेला मी स्वतः पाहिला आहे. ते पुस्तक घेऊन आलेल्या मुलीच्या जिभेवरून तो ‘लेन्ट’ काढायला आख्खे सत्र गेले.

हा शेवटचा ई-एन-टी क्रियापदात मुका आणि नामात बोलका, हे समजावायला फ्रान्समधल्या शाळांत एक जुने वाक्य आहे: ‘ले पूल् द्यु कूवाँ कूव्’, मठातल्या कोंबड्या अंडी उबवतात. शेवटचे दोन शब्द लिहायला हुबेहूब सारखे. पहिला मठ, दोन अक्षरी, ‘कूवाँ’. दुसरा उबवण्याचे क्रियापद, एक अक्षरी, ‘कूव्’. तसेच ‘प्रेझिदाँ’ म्हणजे अध्यक्ष, आणि त्याच अक्षरांनी लिहिलेले ‘इल प्रेझिद्’ म्हणजे ते अध्यक्षस्थानी असतात. वाक्यात क्रियापद कुठे आहे हे आधी ओळखायचे आणि मगच उच्चार करायचा. व्याकरण आणि उच्चार इतके हातात हात घालून चालताना मी दुसऱ्या भाषेत फारसे पाहिलेले नाही.

मग ‘तो बोलतो’ आणि ‘ते बोलतात’ हा फरक कानाला कळायचा कसा? ‘पार्ले’मध्ये तो कळतच नाही, आणि म्हणूनच पहिल्या धड्याला हे क्रियापद मला गैरसोयीचे वाटते. ‘दॉर्मीर’ घ्या, झोपणे. तो झोपतो, ‘इल दॉर्’. ते झोपतात, ‘इल दॉर्म्’. ‘पार्तीर’, निघणे: ‘इल पार्’, ‘इल पार्त्’. ‘फिनीर’, संपवणे: ‘इल फिनी’, ‘इल फिनीस्’. ‘वाँद्र्’, विकणे: ‘इल वाँ’, ‘इल वाँद्’. आता नियम डोळ्यांपुढे येतो. अनेकवचनात धातूचे शेवटचे व्यंजन ऐकू येते, एकवचनात ते गळते. परत येणारे व्यंजन न् असेल तर त्याच्या आधीचा नाकातला स्वर नाकातून उतरतो: ‘इल प्राँ’, तो घेतो, ‘इल प्रेन्’, ते घेतात. ‘इल व्यॅं’, तो येतो. ‘इल व्येन्’, ते येतात. वर्गात मी डोळे मिटायला सांगते आणि नुसती रूपे उच्चारते. मुलांनी एकाला एक बोट आणि अनेकांना पूर्ण पंजा वर करायचा. त्या दिवशी फळ्यावर काही लिहीत नाही. ज्या मुलांना लेखी तक्त्यात पैकीच्या पैकी गुण पडतात त्यांचेही हात इथे अडखळतात, आणि तिसऱ्या दिवसापर्यंत सुधारतात.

आता आघाताकडे वळते, कारण त्या पालकांचा मुख्य आक्षेप ‘अनियमित’ क्रियापदांवर होता. ‘दव्वार’, म्हणजे ‘भाग असणे, पाहिजे’, याची रूपे बघा: ज्य द्वा, त्यु द्वा, इल द्वा, नू दवों, वू दवे, इल द्वाव्. मी, तू, तो आणि ते यांच्याकडे ‘द्वा’. आम्ही-तुम्हीकडे एकदम ‘दव’. ‘येणे’चेही तसेच: व्यॅं, व्यॅं, व्यॅं, वनों, वने, व्येन्. तक्ता दोन रकान्यांत लिहून सारखी रूपे एका रेघेत घेतली तर बुटाची आकृती निघते. बरेच शिक्षक ती काढून दाखवतात. पण बूट का निघतो, हे कुणी सांगत नाही. आणि तेच तर सांगण्यासारखे आहे!

कारण लॅटिनमध्ये आहे. लॅटिनात एकवचनाच्या तिन्ही रूपांत आणि तृतीय पुरुषी अनेकवचनात आघात धातूवर पडे. आम्ही आणि तुम्हीच्या रूपांत प्रत्यय लांब, त्यामुळे आघात पुढे सरके. प्रेम करणे याचे ‘आमो’ घ्या: आघात पहिल्या ‘आ’वर. ‘आमामुस’, आम्ही प्रेम करतो: आघात मधल्या ‘मा’वर. पुढच्या शतकांत गॉल, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या, प्रदेशातल्या बोलीत आघाताखालचा स्वर ताणला गेला, फुटला, बदलला. ज्यावर आघात नव्हता तो स्वर बारीक झाला किंवा पुसला गेला. म्हणून एकाच धातूचे दोन चेहरे झाले, आघाताचा ‘द्वा’ आणि बिनआघाताचा ‘दव’. जुन्या फ्रेंचमध्ये हे इतके सार्वत्रिक होते की आजचे अगदी नियमित ‘पार्ले’सुद्धा तसेच चाले. तेव्हा ‘तो बोलतो’ला धातूचे लांब रूप, ‘पारोल’, येई आणि ‘आम्ही बोलतो’ला आखूड रूप, ‘पार्ल’. पुढे बोलणाऱ्यांनी बहुतेक क्रियापदांतला हा दुपेडीपणा काढून टाकला. ‘बोलणे’ला आखूड रूप जिंकले. ‘प्रेम करणे’ला आघाताचे ‘एम्’ जिंकले आणि ‘आम्ही’च्या रूपातला जुना ‘आम’ मागे पडला. जी क्रियापदे रोज तोंडात होती, येणे, घेणे, पिणे, इच्छिणे, शकणे, ती मात्र जुन्या चालीवर राहिली, कारण लोकांना ती विसरायची संधीच मिळाली नाही. ज्यांना आपण ‘अनियमित’ म्हणून शिक्षा झाल्यासारखे पाठ करतो, ती या भाषेतली सगळ्यात जुनी, सगळ्यात निष्ठेने नियम पाळणारी क्रियापदे आहेत.

इथे संस्कृतवाल्या वाचकांशी दोन शब्द. आपल्या सदरात संस्कृत आणि फ्रेंच एकमेकांच्या विरोधात उभी केली गेली, त्याचे मला वाईट वाटले. शाळेत ‘अस्मि, स्वः, स्मः’ म्हटलेल्या मुलाला फ्रेंचचा बूट निम्मा आधीच येत असतो. ‘अस्मि’त धातूचा अ शाबूत, ‘स्मः’मध्ये तो गेला. ‘एमि’ आणि ‘इमः’, मी जातो आणि आम्ही जातो, हीही तीच जोडी. वैदिक स्वर लावून म्हटले तर ‘एमि’चा उदात्त, म्हणजे उंच स्वर, धातूवर येतो आणि ‘इमः’चा प्रत्ययावर. पाणिनीने तिप्, सिप्, मिप् या तीन एकवचनी प्रत्ययांना पकार जोडला आणि असे पित् (पकाराची खूण असलेले) प्रत्यय अनुदात्त, म्हणजे आघात नसलेले, असतात हे सूत्रात सांगून ठेवले. त्यांच्यापूर्वी धातूला गुण होतो (‘इ’चा ‘ए’), इतरांपूर्वी होत नाही. आघात असेल तिथे धातू भरीव, नसेल तिथे कृश. एक फरक लक्षात ठेवावा लागतो: संस्कृतात ‘ते’चे रूप, ‘सन्ति’, ‘यन्ति’, कृश बाजूला जाते, फ्रेंचमध्ये ते बुटाच्या आत, भरीव बाजूला राहते. आणि फ्रेंचचे ‘इल ए’, ‘इल सों’, तो आहे आणि ते आहेत, हे लॅटिनमार्गे आलेले आपल्या ‘अस्ति’ आणि ‘सन्ति’चेच सख्खे भाईबंद. ज्या महाविद्यालयात दोन्ही विषय आहेत, तिथे हा एक तास दोन्ही शिक्षकांनी मिळून घ्यावा असे मला फार वाटते.

आजच्या फ्रेंचमध्ये आघात कुठे असतो? शेवटच्या भरीव, म्हणजे स्वर स्पष्ट ऐकू येणाऱ्या, अक्षरावर, आणि तोही शब्दाच्या नव्हे, बोलण्याच्या एका गटाच्या. इंग्रजीत तो धक्का असतो. इथे तो मुख्यतः लांबी असतो. शेवटचे अक्षर जरा जास्त वेळ टिकते, बाकीची अक्षरे जवळपास सारख्या मापाची. ‘ज्य पार्ल्’ एवढेच म्हटले तर ‘पार्ल्’ लांबतो. ‘ज्य पार्ल् फ्राँसे’ म्हटले की लांबी ‘से’वर गेली आणि क्रियापद हलके झाले. पुढे ‘माझ्या भावाशी’ जोडले तर ती आणखी पुढे भावावर जाते. आपली इंग्रजी माध्यमातली मुले क्रियापदाच्या पहिल्या अक्षरावर जोर देतात, ‘पार’ले, ‘दॉर’मीर, आणि फ्रेंच माणसाला गट कुठे संपला तेच कळत नाही. मराठीत इंग्रजीसारखे धक्के नसतात. मराठी वाचायची सवय असलेल्या मुलाला मी सांगते, इंग्रजी विसर, मराठीतली बातमी वाचतोस तसे सपाट वाच आणि शेवट लांबव. लगेच फरक पडतो.

स्पॅनिश शिकणाऱ्यांसाठी एक टीप. तिथे ‘आब्लो’च्या आरंभी आघात दिला तर ‘मी बोलतो’, शेवटी दिला तर ‘तो बोलला’. आघाताने काळ आणि पुरुष दोन्ही बदलतात, आणि शेवटचा आघात चिन्हाने दाखवतात. फ्रेंचमध्ये आघाताने अर्थ कधीच बदलत नाही. तिथल्या ई अक्षरावरच्या तिरक्या रेघा आघात दाखवत नाहीत. तो स्वर मिटका की उघडा, एवढेच सांगतात. या एका गैरसमजामुळे किती मुलांचे उच्चार बिघडतात, ते दर जूनमध्ये नव्याने दिसते.

आणि त्या रेघा तरी कुठून आल्या? त्याही अक्षरविभागातूनच. फ्रेंच शब्दाच्या शेवटी लागोपाठ दोन दुबळी (मुक्या किंवा पुसट ई-ची) अक्षरे येऊ शकत नाहीत. शेवटी मुका ई असेल तर त्याच्या आधीचे अक्षर भरीव हवेच. ‘उचलणे’चे ‘नू लवों’ म्हणताना पहिला ई दुबळा चालतो, कारण पुढे ‘वों’ भरीव आहे. ‘ज्य लेव्’ म्हणताना मागे आधार उरत नाही, म्हणून तोच ई उघडा ‘ए’ होतो आणि त्याच्यावर उतरती रेघ येते. ‘विकत घेणे’चे ‘जा-शेत्’ आणि ‘नू-झाश्-तों’ तसेच. ‘बोलावणे’ आणि ‘फेकणे’ यांत रेघेऐवजी व्यंजन दुप्पट लिहितात. उच्चाराचे काम तेच. ‘आशा करणे’चा ई मुळात चढत्या रेघेचा, तोही ‘जेस्पेर्’मध्ये उतरत्या रेघेचा होतो. पाठ्यपुस्तकात हे चार वेगळे अपवाद म्हणून चार चौकटींत छापतात. कारण एकच आहे, आणि ते सातवीच्या मुलालाही कळते. फ्रान्समध्ये ६ डिसेंबर १९९० रोजी शासकीय राजपत्रात ज्या शुद्धलेखन-सुधारणा प्रसिद्ध झाल्या, त्यांचा रोखही इथेच होता: भविष्यकाळात ‘आशा करीन’सारख्या रूपांत ऐकू येतो तसा उतरत्या रेघेचा ई लिहायची मोकळीक दिली, आणि दुप्पट व्यंजनाची बरीच क्रियापदे ‘विकत घेणे’च्या वळणावर आणली, ‘बोलावणे’, ‘फेकणे’ आणि त्यांची कुटुंबे तेवढी जुन्या रीतीने ठेवली. आपल्याकडे अजूनही नव्या रीतीने लिहिले म्हणून गुण कापलेले मी पाहते. परीक्षकांनी हे वाचावे, अशी विनंती आहे.

सर्वनामांचे कोडेही आघातानेच सुटते. ‘माझ्याकडे बघू नकोस’ यात ‘मला’साठी दुबळा ‘म’ येतो: ‘न म रगार्द पा’. पण ‘माझ्याकडे बघ’ म्हटले की ‘रगार्द म्वा’. का? कारण सर्वनाम गटाच्या शेवटी गेले, आघात त्याच्यावर आला, आणि दुबळा ‘म’ तो पेलू शकत नाही. त्याची जागा भरीव ‘म्वा’ घेतो. व्याकरणाच्या पुस्तकात हा आज्ञार्थाचा तिसरा उपनियम असतो, आणि मुले नेमका तोच विसरतात.

अक्षरांच्या सीमेबद्दलही सांगायला हवे. फ्रेंच माणूस शब्दाच्या सीमेवर थांबत नाही; व्यंजन सुटे राहिले की पुढच्या स्वराला जाऊन चिकटते. ‘तो लियोंला राहतो’ हे वाक्य छापलेले पाहिले तर चार शब्द, ऐकताना ‘इ-ला-बि-ता-ल्यों’. सर्वनामाचा ल् क्रियापदात गेला, क्रियापदाचा त् पुढच्या शब्दात. ‘तो प्रेम करतो’, ‘इ-लेम्’. ‘ते प्रेम करतात’, ‘इल्-झेम्’. इथे अनेकवचनाचा सगळा भार त्या एका ‘झ’वर आहे, आपल्या ‘माझा’तल्या झवर. ‘तो जातो का’ असे विचारताना ‘वा-तिल’ असा त मध्ये येतो, ‘वाझी’ म्हणजे ‘तिकडे जा’ म्हणताना आज्ञार्थाला एरवी नसलेला झ चिकटतो. दोन्ही ठिकाणी दोन स्वरांची टक्कर टाळली जाते. संधी शिकलेल्या मुलाला यात परके काय वाटावे?

हे कानानेच पकडले तर भाषेचे काय होते, याचे जिवंत उदाहरण आपल्याच नात्यातले आहे. १९व्या शतकात कोकणातून मॉरिशसला मजुरीसाठी गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आज तिथली क्रेओल बोलतात. ती फ्रेंच ऐकून घडलेली भाषा. घडवणाऱ्यांपुढे पुस्तक नव्हते. तिथे ‘मी जेवतो’ला ‘मो मान्झे’, ‘आम्ही जेवतो’ला ‘नू मान्झे’, पुरुषागणिक काही बदलत नाही. पण कर्म पुढे आले की रूप आखूड होते: ‘मो मान्झ् दिरी’, मी भात खातो. आणि ‘दिरी’ म्हणजे फ्रेंचचा ‘द्यु री’, उपपदासकट एक शब्द झालेला. मुलांना ‘झान्फान’ म्हणतात. त्यातला झ हा त्या जोडउच्चारातला झ, कायमचा शब्दात जाऊन बसलेला. मॉरिशसहून आलेल्या एका मराठी बाईंकडून हे ऐकताना मला फ्रेंचचा अक्षरविभाग जितका लख्ख दिसला, तितका कुठल्याच पुस्तकात दिसला नव्हता.

भविष्यकाळाबद्दल थोडक्यात. लॅटिनात ‘कान्तारे हाबेओ’, शब्दशः ‘गायचे आहे मला’, असे म्हणू लागले. ते आटून फ्रेंचचे ‘शाँ-त्रे’, मी गाईन, झाले. शेवटचा ‘ए’ हा मूळचा ‘आहे मला’, म्हणून आघात त्याच्यावर आणि मधला ई दुबळा. तो ई गळतो की राहतो, हे आजूबाजूची व्यंजने ठरवतात: ‘मी देईन’ला ‘दॉन्-रे’, दोन अक्षरे, ‘मी बोलेन’ला ‘पार्-ल-रे’, तीन, कारण तिथे ई गाळला तर र्, ल्, र् अशी तीन व्यंजने अंगावर येतात. मोरिस ग्रामों या भाषाशास्त्रज्ञाने यालाच तीन व्यंजनांचा नियम म्हटले. ‘तुम्हाला हवे होते’, ‘वू-ल्ये’, दोन अक्षरी. ‘तुम्हाला हवे असेल का’ या अर्थाचे सौजन्याचे रूप ‘वू-द्रि-ये’ मात्र तीन अक्षरी, त्याच कारणाने. हॉटेलच्या स्वागतकक्षात काम करणाऱ्या मुलांना हे रूप रोज लागते आणि ते ते दोन अक्षरांत कोंबतात.

मुका ई नेहमीच मुका नसतो, याचीही मुलांना कल्पना द्यावी. मार्सेय, तुलूझकडचे लोक ‘पार्ल’ दोन अक्षरांत म्हणतात, शेवटचा स्वर स्पष्ट. जुन्या छंदोबद्ध कवितेत तर तो मोजतातच. बारा अक्षरांची ओळ जुळवताना ‘पार्ल’च्या पुढे व्यंजन आले तर दोन अक्षरे धरायची, स्वर आला तर एक. अनेकवचनाच्या रूपापुढे मात्र स्वर आला तरी दोनच, कारण लिहिलेले एन-टी वाट अडवते. आणि भूतकाळाचा ए-आय-ई-एन-टी कुठेही आला तरी एकच. मराठी वाचकाला हे समजावायला मी अभंगाचा आधार घेते: ‘नाम’ हा शब्द आपण बोलताना एका अक्षरात संपवतो, पण अभंगाच्या चरणात तो दोन अक्षरांचा धरतो आणि गाताना तो ‘म’ पूर्ण म्हणतो. हे सांगितले की फ्रेंच ई मुका का आणि बोलका कधी, यावर कुणी पुन्हा शंका काढत नाही.

हे सगळे आत्ताच का लिहावेसे वाटले, तेही सांगते. माझ्या संध्याकाळच्या वर्गात हल्ली कॉलेजच्या मुलांपेक्षा हिंजवडी-खराडीत नोकरी करणारे, कॅनडाला जाऊ पाहणारे तरुण जास्त असतात. त्यांना टीईएफ कॅनडा किंवा टीसीएफ कॅनडा ही फ्रेंचची परीक्षा द्यायची असते, आणि त्यांत ऐकणे, वाचणे, बोलणे, लिहिणे अशी चारही अंगे तपासतात. यांच्यापैकी अनेकांनी शाळा-कॉलेजात फ्रेंचमध्ये नव्वदीच्या पुढे गुण घेतलेले असतात. तक्ता लिहायला दिला तर एक रेघही चुकत नाहीत. आणि ध्वनिफीत लावली की ‘निघतो’ की ‘निघतात’, एकटा आला की सगळे आले, हे त्यांना सांगता येत नाही. ही हुशार, कष्टाळू माणसे आहेत. ज्या वयात कान तयार होतो त्या वयात आपण त्यांना फक्त डोळ्यांचे काम दिले, आणि आता तिशीत ते पैसे मोजून कान तयार करत आहेत. मला याचा खरोखर राग येतो.

करायचे ते फार नाही. पहिले दोन-तीन आठवडे क्रियापदांचे लेखी तक्ते देऊच नयेत. रूपे ऐकवावीत, टाळी देत अक्षरे मोजून घ्यावीत. लिहायचेच झाले तर देवनागरीत, पाय मोडून लिहावे. ‘करतात’ हा शब्द आपण ‘कर्तात्’ असा बोलतो आणि र पूर्ण लिहूनही चुकत नाही, कारण मराठीत आधी कान आला, मग लिपी. फ्रेंचमध्ये मुलांना तो कान नसतो, म्हणून सुरुवातीला लिपीने मदत करावी, आणि आपली लिपी या कामाला रोमनपेक्षा किती तरी चांगली आहे. त्यानंतर फ्रेंच लेखन आणावे आणि प्रत्येक मुक्या अक्षराखाली पेन्सिलीने टिंब द्यायला लावावे. तोंडी परीक्षेत पाठ केलेला परिच्छेद म्हणून घेण्याऐवजी परीक्षकाने दहा रूपे ऐकवून एक की अनेक एवढेच विचारावे. त्याला पाच मिनिटे लागतात, आणि घोकंपट्टी तिथे उपयोगी पडत नाही. मार्गदर्शके छापणाऱ्यांनी उच्चार द्यायचेच असतील तर ते फ्रेंच जाणणाऱ्या माणसाकडून तपासून घ्यावेत, नाही तर देऊ नयेत.

आणि पहिले क्रियापद ‘पार्ले’ घेऊ नये. ‘दॉर्मीर’ घ्यावे, मग ‘पार्तीर’, मग ‘फिनीर’. एकवचन-अनेकवचन कानाला पक्के झाले की चौथ्या आठवड्यात ‘पार्ले’ आणावे, आणि चार रूपे सारखी ऐकू येतात हे मुलांनाच शोधू द्यावे. ज्या शिक्षकांना हा क्रम करून पाहावासा वाटेल, त्यांनी यंदाच्या अकरावीपासूनच करून पाहावा. पुस्तक बदलावे लागत नाही, धड्यांचा क्रम तेवढा बदलतो.

कळावे,

आपली,
एक निवृत्त फ्रेंच शिक्षिका
कर्वेनगर, पुणे